क्युरियमवरची साय

माझी मुलगी फ्लुरिना आरे नदीकाठच्या संशोधन केंद्रात सतरा वर्षं काम करत होती. ती शास्त्रज्ञ नव्हे. शाळा संपल्यावर तीन वर्षं उमेदवारी करून प्रयोगशाळेतलं काम शिकलेली कारागीर. नखाएवढ्या चकतीवर डोळ्यांना न दिसणारा धातूचा थर बसवायचा, हे तिचं काम. असा हात दुसऱ्या कोणाचा नाही, असं तिचे गटप्रमुख झुमश्टेग सगळ्यांना सांगत. तिलाही ते खरं वाटे. मला मात्र तिच्या त्या खात्रीचीच भीती वाटायची.

गेल्या वर्षी क्युरियम या किरणोत्सारी धातूची पाळी होती. त्याचं अणुकेंद्र नेमकं केवढं, ते म्युऑन सोडून मोजायचं होतं. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा दोनशेपट जड भाऊ, असं तिनं मला बटाटे किसता किसता सांगितलं होतं. तो अणूत शिरला की पायरी पायरी खाली उतरतो, आणि शेवटी इतका जवळ पोचतो की बराच वेळ केंद्राच्या आतच असतो. उतरताना क्ष-किरण सुटतात. त्यांच्या ऊर्जेवरून केंद्राचा आकार काढतात.

"आणि तुझं काम काय त्यात?"

"अंगण झाडून ठेवायचं, आई. म्युऑन अगदी वरच्या थराला चिकटतो. तिथे क्युरियमच असायला हवं. दुसरं काही असलं तर तो तिथेच अडकतो."

क्युरियम परदेशातून आलं होतं. डोळ्यांना दिसणार नाही एवढंच, आणि पुन्हा मिळणार नव्हतं. म्युऑनचा झोत त्यांना वर्षातून दहा दिवस मिळतो. फ्लुरिनानं अल्कोहोलच्या द्रावणातून विजेनं थर चढवला, वाळवला, आणि बाहेर पडणारे आल्फा कण मोजले. क्युरियम सगळं जागेवर होतं. चकती झोतात गेली.

पडद्यावर कार्बनच्या आणि ऑक्सिजनच्या रेषा भराभर वर चढल्या. क्युरियमची जागा सपाटच राहिली. पाचव्या दिवशी कारण कळलं. द्रावणातल्या अल्कोहोलची पातळ साय धातूवर धरली होती. आल्फा कण तिच्यातून पार जातात, म्युऑन जात नाही. भाजून ती साय जाळता आली असती, पण किरणोत्सारी वस्तू भट्टीत घालायची परवानगी मिळायला सहा आठवडे लागतात.

त्यांच्याकडे एक रीत आहे. ज्यानं घोळ घातला त्यानं दुसऱ्या दिवशी नऊच्या चहाला गाजराचा केक न्यायचा. केक खाल्ला की विषय संपला, पुन्हा कोणी काढायचा नाही. फ्लुरिनानं केक नेला. मीच भाजला होता.

"दुधावरची साय काढतात ना गं, मग ही कशी राहिली?" कोणीतरी चिडवलं. झुमश्टेगनी दोन तुकडे घेतले. "हे कोणालाच कळलं नसतं पोरी," ते म्हणाले. सगळे हसले. केक संपला.

घरी येऊन ती कपडे न बदलता माझ्यासमोर बसली.

"मला दिसलं होतं, आई."

आल्फा कणांच्या ऊर्जेच्या आलेखात उभं शिखर यायला हवं होतं. त्याची डावी बाजू किंचित पसरली होती. वर काहीतरी आहे याची ती खूण. तिनं ती पाहिली, आणि आपल्या हातून असं होणार नाही म्हणून पान उलटलं.

मी काय म्हटलं? "गप्प बस. केक खाल्ला ना त्यांनी? संपलं." मी शिकलेली बाई. आणि मी हे म्हटलं.

त्यानंतर ती जेवायची, कामावर जायची, आणि आली की खोलीत जायची. मी रोज तिच्या खोलीचं दार जरासं उघडं ठेवायची. ती रोज ते लावून घ्यायची.

मार्चमध्ये झुमश्टेग पुढच्या झोताचा अर्ज घेऊन आमच्या घरी आले. त्या चकतीवरचं थोडं क्युरियम विरघळवून परत मिळवलं होतं. निम्मंसुद्धा नव्हतं. चकती कोण करणार, त्या ओळीवर फ्लुरिनाची सही हवी होती.

"तू नसलीस तर मी अर्जच करत नाही," ते म्हणाले. "तुझा काय दोष त्यात? कोणालाच कळलं नसतं."

मी तिच्याकडे पाहून मान हलवली. सही कर, एवढंच. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली. "आलेखात. चकती झोतात जायच्या आदल्या दिवशी."

झुमश्टेगनी कप खाली ठेवला. "आणि आम्ही केक खाल्ला," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अर्जाची घडी केली, कोट चढवला. दारात मी म्हटलं, "साहेब, सतरा वर्षांत एकदाच चुकली ती."

"चुकली म्हणून काही नाही हो," ते हळू आवाजात म्हणाले. "पण आता तिची प्रत्येक मोजणी मला पुन्हा करावी लागेल. माझा हात तसा नाही."

अर्ज गेला नाही. फ्लुरिना आता नदीपलीकडच्या शाळेत प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुते. मी विचारलं, बरं वाटतं का आता, खरं सांगून? ती म्हणाली, "नाही."