ताईच्या मापाची जॅकेटं

ताईची जॅकेटं कोणालाच होत नाहीत.

आज तिला जाऊन वर्ष झालं. साड्या गेल्या, स्वेटर गेले, चपला गेल्या. तेरवीनंतर आईने सगळं वाटून टाकलं, रीतच आहे तशी.

जॅकेटं तेवढी परत आली.

आधी मावशीच्या सुनेकडून, मग शेजारच्या काकूंकडून. दोघींनीही ओशाळून पिशवी हातात दिली. "चांगलं आहे वं, पण खांद्यात ओढते."

ओढणारच.

माझ्या मोठ्या बहिणीच्या पाठीला लहानपणापासून बाक होता. उजवा खांदा वर, डावा खाली. तुमच्यापैकी ज्यांनी तिला फक्त फोटोत पाहिलं त्यांना हे माहीतही नसेल. ते दिसू नये याची सगळी व्यवस्था तिने स्वतःच्या हाताने केली होती.

आमच्या वणीच्या दुकानांत रेडिमेड घालून पाहणं तिने कॉलेजातच सोडलं. दुकानदार म्हणायचे, "मॅडम, फिटिंग एक नंबर." आणि मागे पाठीवर हा एवढा झोळ.

मग ती शिवायला लागली. कुर्त्यावर जॅकेट, साडीवर जॅकेट. मे महिन्यातसुद्धा पातळ सुती, बिनबाह्यांचं. ऑफिसात लोक विचारायचे, "उकडत नाही का?" ती म्हणायची, "फॅशन आहे." मी शेजारी असले तर हळूच मला चिमटा काढायची, मी हसू नये म्हणून.

शिवताना आपण सगळे पाठीचा भाग कापतो तो कापड दुमडून, घडीवर. दोन्ही बाजू सारख्या येतात.

ताई घडी उघडायची. उजवी पाठ वेगळी, डावी वेगळी. खाकी कागदावर दोन पॅटर्न, एकावर पेनने 'वर' लिहिलेलं, एकावर 'खाली'.

पॅटर्न निवडायला बसली की जेवणसुद्धा विसरायची. मोबाइलवर एकेक फोटो मोठा करून बघायची. प्रिन्सेस कट चालेल, त्यात दोन्ही बाजू वेगळ्या घेता येतात. मोठी कॉलर चालेल, लोकांची नजर तिकडे जाते. बारीक फुलं चालतील. पांढरं नको, कोळशाच्या गावात पांढरं कोण धूत बसणार.

आणि रेघा कधीच नाही.

एकदा दुकानात मी हट्टच धरला. "ताई, घे न हे रेघांचं. काहून घेत नाही?"

"रेघ चुगली करते," ती म्हणाली आणि कापडाचं थान बाजूला सारलं.

शेवटच्या वर्षी तिला धाप लागायला लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाठीच्या बाकामुळे फुप्फुसांना जागा कमी पडते आहे. आम्ही दोघी बसने परत निघालो. वणीत उतरलो, तर ही बाई सरळ स्टँडसमोरच्या कापडाच्या दुकानात शिरली आणि जांभळ्या-राखी रेघांचं कापड घेतलं.

"रेघांचं?" मी विचारलं.

"दिसू दे न आता," ती म्हणाली. "पाठ आहे माही. चोरी थोडी केली मी."

ते जॅकेट घालून ती ऑफिसला गेली. रेघा कंबरेपासून सरळ निघायच्या आणि वर जाऊन कलायच्या. इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती.

त्याच थंडीत ती गेली.

नवीन कोरं लागतं म्हणून बायकांनी नवी साडी आणली, बाजारातला तयार ब्लाउज आणला. तो खांद्यावरून जाईना. कोणीतरी कात्री मागितली आणि ब्लाउज मागून उभा चिरला.

हे मी आजवर कोणाला बोलले नाही. तो आवाज अजून कानात आहे. जन्मभर स्वतःच्या मापाचं घालणाऱ्या माझ्या बहिणीला आम्ही भलत्याच मापाचं घालून पाठवलं. त्या बायकांचा दोष नाही. त्यांना काय माहीत. पण मला ते सहन होत नाही, आजही होत नाही.

मागच्या आठवड्यात थंडी वाढली. परत आलेल्या जॅकेटांतलं ते रेघांचं मी काढलं आणि खांद्याचे टाके उसवायला बसले.

"काय करून राह्यली?" आईने विचारलं.

"खांदे सारखे करतो. मंग तुले होईन."

आईने ते माझ्या हातातून घेतलं आणि तसंच अंगात घातलं. उजव्या खांद्यावर फुगा आला, डावीकडे ओढलं गेलं.

"आई, बसत नाही ते तुह्या अंगावर."

"माह्या अंगावर कायले बसन?" आई म्हणाली. "खांदा तिचा आहे तो. तेवढाच राह्यला माह्याजवळ. त्याले कात्री नको लावू."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

आज सकाळपासून आई तेच घालून दारात बसली आहे. वर्षश्राद्धाला येणारी प्रत्येक बाई सांगते, "जॅकेट वाकडं बसलं वं तुमचं."

आई म्हणते, "असू दे."

ताई, तुला निरोप देता येत नाही गं. तरी देते.