न विचारता लावलेली दुर्बीण

अगं ये, जवळ सरक. तू रीडिंग गावात आणि मी नॉटिंगहॅमला, तरी म्हणते जवळ ये, कारण तुझा कान धरायचाय. परवा लीड्सच्या मंडळात तुझ्या काकांनी तो किस्सा पुन्हा सांगितला. "हौसेनं बायकोच्या बंदुकीला दुर्बीण लावून दिली, तर बाईसाहेबांचा महिनाभर अबोला!" सगळे हसले. हसू देत. पण तूही? माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी तू, एकदा तरी विचारलंस, मावशी, तुझं काय म्हणणं?

तर ऐक आता.

ऐंशीच्या दशकात काका इथं इंग्लंडात हॉस्पिटलात सर्जन, रविवारीसुद्धा ऑन कॉल. शेजारची गोरी बाई मला एकदा तिच्या क्लबात घेऊन गेली. गावाबाहेर दगडाची जुनी खाण, तिथं चांदमारी चालायची. बंदुका जुन्या पद्धतीच्या, ठासणीच्या. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तेलकट कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी वर ठेवायची, गजानं ठासायची, मग मागे ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी बसवून चाप ओढायचा. घाई केलीस की फसलीस. मला ते फार आवडलं. परवाना काढला, बंदूक घेतली. कापड माझ्या विरलेल्या सुती साडीचं, आणि तेल आईनं पाठवलेलं कोकमाचं, आपण टाचांच्या भेगांना लावतो ना, तेच. खंडेनवमीला शिवणयंत्राशेजारी पाटावर बंदूकही असायची, हळदकुंकू लावून.

नव्वद उजाडलं आणि माझे नेम चुकायला लागले. नळीवरची मागची खाच आणि टोकावरची माशी एका रेषेत आणायची असते. माझी माशीच धूसर व्हायला लागली. चाळिशी गं, दुसरं काय! मी चष्मेवाल्याकडे गेले, तेवढ्या अंतराचं नीट दिसेल असा चष्मा करून घेतला. माशी तांदळाच्या दाण्यासारखी लख्ख. घरात बोलले नाही. बोलायचं काय त्यात?

तेवढ्यात बंदुकीच्या घोड्याची स्प्रिंग ढिली पडली. क्लबातल्याच एका बंदूकवाल्याकडे दुरुस्तीला दिली. मॅचच्या दिवशी तो ती खाणीवरच आणून देणार होता. त्या मॅचसाठी मी अख्खा उन्हाळा घालवला होता, बरं का.

त्यानं पिशवीतून बंदूक काढली. वर ही लांब काळी दुर्बीण! नऊवारी नेसलेल्या बाईला हेल्मेट घालावं तशी. मागची खाच काढून टाकलेली, आणि नळीला चार भोकं पाडून स्क्रू मारलेले.

"सरप्राइज!" मागून काका. मुद्दाम सुट्टी घेऊन आले होते.

मॅचवर देखरेख करणारा म्हातारा मान हलवत आला. "सॉरी लव्ह, ही साध्या नेमाची मॅच. दुर्बीण लावून नाही चालणार."

"मग काढा ती," मी बंदूकवाल्याला म्हटलं.

"काढतो. पण तुमची खाच दुकानात राहिलीय."

"बंदूक माझी, परवाना माझ्या नावावर. भोकं पाडायला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी फोन केला ना." जणू विषय संपला.

काका म्हणाले, "अगं, तुला दिसत नाही म्हणून केलं. मॅच राहू दे, नुसती मजा म्हणून मार की!"

मग मात्र माझं डोकं फिरलं. "अहो, पेशंटच्या पोटाला सुरी लावायच्या आधी त्याची सही घेता ना? मग माझ्या बंदुकीला भोकं पाडताना माझी सही कुठाय?"

सगळे आमच्याकडे बघायला लागले. मराठी कुणाला कळणार? काका त्यांच्याकडे वळून हसले. "शी इज व्हेरी हॅपी."

ऐकलंस? माझा आनंदसुद्धा त्यांनीच परस्पर जाहीर केला!

मॅच संपेपर्यंत मी बाकावर बसून होते. मांडीवर कोकमाच्या तेलाची डबी, पर्समध्ये नवा चष्मा. दुसऱ्यांच्या बंदुकांचा धूर डोळ्यांत जात होता, तेवढं एक बरं झालं.

दुर्बीण काढली, खाच परत बसवून घेतली. पण भोकं कशी जाणार? त्यांत स्क्रू भरले, वरून घासले, तरी दिसतात. लहानपणी माझं नाक टोचलं तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं, पण निदान हातावर गूळ तरी ठेवला होता.

आणि अबोला माझा नव्हता हं! मी रोज एकच विचारत होते, मला दिसत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यावर उत्तर नव्हतं, म्हणून तोंड त्यांनी मिटलं होतं. हे किस्स्यात येतं का कधी?

पुढच्या वर्षी चष्मा लावून मॅच खेळले. नंबरबिंबर काही आला नाही. पण चुकल्या त्या गोळ्या माझ्या होत्या.

तर आता ये एकदा, लवकर ये. बंदूक दाखवते, त्या भोकांवरून बोट फिरव, मग मंडळात काय सांगायचं ते तूच ठरव. आणि निघायच्या आधी फोन करून विचार, मावशी, काय आणू? आपल्या मनानं काही आणलंस तर दार उघडणार नाही.