खुंटाचा गुलाब

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली गुलाबाचं एक झुडूप आहे. आता ते माझ्या खांद्याला लागतं. त्याला मी फार काही करत नाही. पाऊस उतरला की वाळक्या काड्या काढते, बुडाशी दोन घमेली शेणखत टाकते, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी देते. फवारणी त्याला माहीत नाही. इथला चार महिन्यांचा पाऊस ते उभ्या उभ्या सोसतं आणि थंडीत फिक्या गुलाबी, गच्च पाकळ्यांच्या फुलांनी असं भरतं की खिडकी उघडली तर फांदी आत येते. येणारेजाणारे विचारतात, कोणती जात? मी ‘गावठी’ म्हणते आणि विषय बदलते. कारण ही जात इथं कुणी लावलीच नव्हती. लावला होता लाल गुलाब. तो माझ्या हातून गेला.

आम्ही हिंगोलीकडचे. नवरा-बायको आणि एक मुलगी, सरळगावच्या पुढच्या या शेतघराची राखण करायला आलो. मालक कल्याणला राहतात. दोघंच, दोघंही नोकरीतून निवृत्त. पंधरा दिवसांनी शनिवारी येतात, रविवारी जातात. पहिल्या दिवशी मी ‘मालकीणबाई’ म्हटलं तर त्या म्हणाल्या, “तसं हाक मारलीस की मला वाटतं मागं कुणीतरी दुसरंच उभं आहे. काकू म्हण.” तेव्हापासून काका-काकू.

विहिरीजवळच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. मी सहावीत शाळा सोडली होती. पुढचा वर्ग दुसऱ्या गावात होता आणि घरी धाकटी भावंडं होती. काकूंनी मला परत वाचायला बसवलं. रद्दीतलं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावायच्या, अडले तर थांबायच्या, हसायच्या नाहीत. मुलीला इथल्या शाळेत घालायला त्याच बरोबर आल्या. गुलाबाचं हे घडलं त्या वर्षी मुलगी सहावीत गेली. काम गेलं तर खोल्या जातील, खोल्या गेल्या तर तिची शाळा जाईल, ही साखळी माझ्या डोक्यात कायम वाजत असते. मी मुळातच भित्री. फोन वाजला तरी आधी काय चुकलं ते आठवते, मग उचलते.

तर तो लाल गुलाब काकांनी आणला होता, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला. शहापूरच्या नर्सरीतून, काळ्या पिशवीत. लग्न ठरल्यावर त्यांनी काकूंना चोरून एक लाल गुलाब दिला होता म्हणे, आणि काकूंनी घाबरून तो जेवणाच्या डब्यात पोळीखाली दडवला.

“पोळीला वास लागला आणि हिच्या आईनं ओळखलं,” काका सांगायचे.

“वास कसला! देठ बाहेर आला होता. तुम्हाला देठ खुडायचंही सुचलं नव्हतं.”

काकूंनी रोप खिडकीखाली लावून घेतलं आणि मला एवढंच म्हणाल्या, “याला जप हं.”

मी जपलं. पण पहिल्याच पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडले, पानं गळाली, काड्या अर्ध्या वाळल्या. पाऊस संपल्यावर बघते तर बुडाशी दोन प्रकारचे फुटवे. एक तांबूस पानांचे, रोगट, बोटभर. दुसरा एकच, पण सरळ, हिरवागार, कमरेपर्यंत गेलेला.

आमच्याकडं ज्वारी वीतभर झाली की विरळणी करतात. एका जागी दोन-तीन रोपं असली तर मरतुकडं उपटायचं, जोमाचं ठेवायचं. लहानपणापासून हे केलेलं; हात आपोआप चालतो. त्या दिवशीही चालला. तांबूस काड्या बुडापासून कापल्या, हिरवा फुटवा ठेवला, भोवती आळं केलं. वर नवऱ्याला बोलावून दाखवलं, की बघा कसं सुटसुटीत झालं.

दिवाळीच्या आधी शेजारच्या पाड्यातली मावशी शिराळी द्यायला आली. साठीची बाई, आयुष्य भातशेतीत आणि मजुरीत गेलेलं. ती आली की आधी घराभोवती एक चक्कर मारते आणि प्रत्येक झाडाला काहीतरी बोलते. गुलाबापाशी थांबली.

“ह्यो कोनी कापला गो?”

“मी.”

“कापलास तो कापलास, पन कुठला!” ती बसली, बोटांनी माती सारली आणि खोडावरची एक गाठ मला दाखवली. “ह्यो डोला. मी शापूरला नर्सरीत असलं डोलं भरायची. खाली खुंट आसतो, कनखर. त्याची साल चिरायची नि आत लाल गुलाबाचा डोला बसवायचा. डोल्याच्या वरनं फुटला तो तुजा गुलाब. खालनं फुटला तो खुंटाचा. तू वरचा समदा कापलास नि खालचा ठेवलास. नवरी हाकललीस नि घरात सासू ठेवलीस गो!”

“मग आता?”

“आता काय नाय. सासू वाढंल. चांगली वाढंल.” आणि हसत हसत तिनं चहा मागितला.

मी चहा केला. तिला दिला आणि परत जाऊन ती गाठ बघत बसले.

पुढं रोज सकाळी मी त्या गाठीवर पाणी शिंपडायचे. वरून एखादा कोंब येईल म्हणून वाकून बघायचे. गाठीवरचं लाकूड आधी तपकिरी झालं, मग काळं. खालच्या फुटव्याचे मात्र माझ्या डोळ्यांसमोर एकाचे चार झाले.

नवरा म्हणाला, “कशाला इतकी घाबरायलीस? त्यायला काय कळतंय? तसलाच लाल आणू अन् लावू. हे उपटून टाकू.”

मी नको म्हटलं नाही. एकदा शहापूरला गेला तेव्हा त्यानं नर्सरीतून फोटोही पाठवला, ‘हा चालंल का’ म्हणून. अगदी तसाच लाल होता. बराच वेळ मी फोन हातात धरून बसले. उत्तर दिलं नाही, आणि तो तसाच परत आला. पण खरं सांगायलाही तोंड उघडलं नाही.

काकू आल्या की गाडीतून उतरता उतरता विचारायच्या, “आमचा गुलाब काय म्हणतो?”

“झोपलाय अजून. थंडीत उठेल.”

असं मी तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “तू आहेस म्हणून टिकला बाई. मी असते तर केव्हाच मारला असता.” ज्यांनी मला अक्षर परत दिलं, त्यांना मी सरळ तोंडावर खोटं सांगत होते, आणि त्या वर माझे आभार मानत होत्या.

पौषात जवळच्या म्हसा गावची जत्रा आली. काकांना तिथली घोंगडी हवी होती म्हणून दोघं शनिवारी सकाळीच आले. चहा ठेवेपर्यंत काकूंची खिडकीखालून हाक आली.

“अगं, कळी आलीय! आणि बोलली नाहीस? अहो, इकडे या, तुमचा गुलाब उठला!”

मी ओल्या हातानंच बाहेर गेले. कळीचं हिरवं टोक नुकतंच सुटायला लागलं होतं, रंग अजून कळत नव्हता. काकू ती दोन बोटांत धरून म्हणाल्या, “उद्यापर्यंत लाल दिसेल.”

“लाल नाही दिसायची, काकू.”

त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मग मी सगळं सांगितलं. ज्वारी, विरळणी, गाठ, मावशी, लाल रोपाचा फोटोसुद्धा. काकांनी वाकून बुडाशी ते काळं खोडकं बघितलं आणि त्यांना हसू आलं. “अरे वा! म्हणजे मरतुकडा म्हणून मलाच उपटला की हिनं.”

काकू हसल्या नाहीत. “कधीपासून ठाऊक होतं तुला?”

“दिवाळीपासून.”

“झोपलाय म्हणालीस मला.”

“हो.”

“तीनदा.”

“हो.”

“गुलाब काय गं, बाजारात मिळतो,” असं म्हणून त्या आत गेल्या. चहा घेतला आणि दोघं जत्रेला गेले.

तो दिवस मी पुसलेली फरशी परत पुसण्यात घालवला. नवरा म्हणाला, “सामान बांधू का मग?” थट्टाच केली त्यानं, पण बोलून झाल्यावर त्याचाही चेहरा उतरला. मुलगी पायरीवर बसून भूगोलाचा नकाशा रंगवत होती. निळा खडू कुठं आहे म्हणून तिनं विचारलं, तर मी तिच्याकडं न बघताच शोधून दिला. ऊन उतरता उतरता ते परत आले. काकांनी घोंगडी पसरून मला दाखवली, वजन बघ म्हणाले. काकू थेट पाय धुवायला गेल्या.

सकाळी मी पाण्याची बादली घेऊन आले तर काकू खिडकीखाली वेताचा मोडा टाकून बसलेल्या. फूल अर्धं उमललं होतं. गुलाबी, आत पाकळ्यांची नुसती दाटी. वास पार विहिरीपर्यंत येत होता.

“अहो,” त्यांनी आत बघून आवाज दिला, “तुमच्या लालला असा वास होता का हो कधी?”

“रंग होता!” आतून उत्तर आलं.

“रंग होता म्हणे.” त्या फुलाशी वाकल्या, परत एकदा वास घेतला. मग माझ्याकडं वळून, न हसता म्हणाल्या, “याला असाच राहू दे. आणि ऐक. पुढच्या वेळी काही मेलं, मोडलं, बिघडलं, तर त्याच दिवशी मला फोन करायचा. झोपलाय बिपलाय म्हणायचं नाही. मला त्याचा राग आलाय, अजून आहे.”

मी मान हलवली. राग आहे हे ऐकलं, पण त्याच्याआधीचं ‘पुढच्या वेळी’ जास्त ऐकलं. बादली तिथंच ठेवून मी खोलीत गेले, मुलीच्या दप्तरात डबा भरायला लागले. रविवार आहे हे तिनंच मला सांगितलं.

त्या आठवड्यात मी काकूंना तीन फोन केले. सोमवारी, पाहुण्यांच्या कपाचा कान तुटला म्हणून. बुधवारी, कढीपत्त्याला अळी दिसली म्हणून. शुक्रवारी फोन लावला तेव्हा मागं काकांचा आवाज आला, “आता काय मोडलं?”

“काही नाही,” मी म्हणाले. “दुसरी कळी उमलली. तेवढंच सांगायचं होतं.”

“बरं, सांग,” काकू म्हणाल्या. “नीट सांग, किती मोठी आहे?”