जाताना दोन तास, येताना पाच

"तिकीट कॅन्सल करा!" गजाननभाऊंनी प्रिंटआउट माझ्या टेबलावर आपटला. "असल्या खटारा विमानात मी बायकोले बसवत नाही."

वणीत माझं ट्रॅव्हल एजन्सीचं ऑफिस आहे. गजाननभाऊंचे कोळशाचे ट्रक चालतात. त्यांची मुलगी शारजाला असते. तिची डिलिव्हरी जवळ आली होती, म्हणून भाऊ आणि मंदावहिनी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होते. नागपूर ते शारजा, जाण्यायेण्याची तिकिटं मीच काढली होती.

"पण झालं काय?"

"जातानी चारले निघते, सहाले पोचते. दोन तास. येतानी तीनले निघते अन् आठले पोचते. पाच तास! रस्ता तोच ना?"

"तोच. अडीच हजार किलोमीटरच्या आसपास."

"मंग? येतानी काय कोळसा भरून आणते?"

मी हसू दाबलं. फ्लाइट टाइम म्हणजे विमान प्रत्यक्ष हवेत असतं तेवढा वेळ. तो दोन्हीकडून साडेतीन तासच होता. पण तिकिटावर छापतात लोकल टाइम, म्हणजे ज्या त्या गावच्या घड्याळातली वेळ. शारजाचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. त्यामुळे जाताना दीड तास कमी दिसतो आणि येताना तेवढाच जास्त.

हे मी भाऊंना कागदावर समजावलं. मग पेपरवेटची पृथ्वी आणि मोबाइलच्या टॉर्चचा सूर्य करून पुन्हा समजावलं.

"म्हंजे जातानी वाचलेला दीड तास येतानी वापस घेते?"

"हो."

"मंग वाचला कुठं?"

शेवटी बाजूच्या खुर्चीवरून मंदावहिनीच उठल्या. "अवो, पोरीचे दिवस भरत आले अन् तुमी विमानासंग भांडून राह्यले. पाच लागो का पंधरा, मी चालली."

भाऊंनी प्रिंटआउट खिशात घातला.

दोघं गेले. नात झाली. बाळाचे फोटो माझ्याही मोबाइलवर आले. परतीच्या दिवशी मी जेवून ऑफिसात येऊन टेकतो न टेकतो, तोच भाऊंचा फोन.

"गेलं विमान! तीन वाजून गेले, कोणी बलावलंच नाही! जावई तं सोडून गेला, आता काय करू?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. खरंच तीन वाजून गेले होते.

"भाऊ, काउंटरकडे पळा! फोन बंद करू नका!"

भाऊ पळाले. आधी त्यांची धाप ऐकू आली, मग त्यांचं हिंदी. "मॅडम, हमको छोड़के प्लेन गया कैसे?" इकडे मी घाईघाईनं दुसऱ्या दिवशीची फ्लाइट शोधायला घेतली.

तेवढ्यात फोन मंदावहिनींनी घेतला. "भाऊजी, इथं आता कुठं दीड वाजून राह्यला. विमान अजून आलंबी नाही म्हंते मॅडम. यायनं महिनाभर हातातलं घड्याळ वणीचंच ठेवलं. पण तुमी कोणतं पाहून राह्यले?"

"मी... मी जरा स्टेटस चेक करत होतो, वहिनी."

"करा, करा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

विमान वेळेवर उडालं. दोघं नागपूरला सुखरूप उतरले.

अंतर आणि फ्लाइट टाइम कोणीही सांगू शकतं. वेळ कुठली ते आधी विचारावं, एजंट असलात तरी. त्याच आठवड्यात मी ऑफिसात दुसरं घड्याळ लावलं आणि त्याखाली 'शारजा' लिहिलं. लोकांना वाटतं, ते गिऱ्हाइकांसाठी आहे.