पिकअपचा पुढचा ॲक्सल

माझ्या नवऱ्याने गाडीचा पुढचा ॲक्सल माझी मनगटं बघून निवडला होता.

आज यांना जाऊन वर्ष झालं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमचं लग्न नवीन. मालगुंडच्या बाजूला, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पलीकडच्या उतारावर आमची आंब्याची बाग. बाग दोघा भावांची, यांची आणि दादांची. दादा म्हणजे माझे थोरले दीर.

बागेपर्यंत रस्ता नव्हताच. कातळावरून, दगडांतून गाडी न्यायची.

त्यासाठी यांनी एका कंत्राटदाराची जुनी परदेशी पिकअप घेतली होती. फोर बाय फोर. पुढची दोन्ही चाकं आपापल्या दांड्यांवर स्वतंत्र हलायची. डांबरी रस्त्यावर अगदी लोण्यासारखी चालायची.

हंगाम संपता संपता, पेट्या भरलेल्या असताना, डावं चाक एका दगडावर चढलं. दांड्या वाकल्या, शाफ्ट तुटला.

"गाडीच नाजूक," हे म्हणाले.

पार्ट मुंबईतही मिळेना.

हातखंब्याच्या गॅरेजवाल्या अब्बासभाईंनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, हे सगळं काढून टाका. या चाकापासून त्या चाकापर्यंत एकसंध ॲक्सल लावू, स्प्रिंगच्या पाट्यांवर. कातळावर तोच टिकेल."

त्यांच्या गॅरेजमागे दोन गाड्या उभ्या होत्या. एक मिलिटरीने काढून टाकलेला ट्रक, दुसरी जुनी जीप. दोन्हीतला कुठलाही ॲक्सल थोडी काटछाट करून बसला असता.

ट्रकचा ॲक्सल बघूनच धडकी भरायची. दादा एकदम खूश.

"हाच लावा. दगडावर आपटला तर दगड फुटेल!"

अब्बासभाईंचंही तेच मत. "जीपचा हलका आहे. स्टिअरिंग हलकं राहील, पण भरल्या गाडीला कधीतरी दगा देईल."

हे मला म्हणाले, "सुमन, ट्रकमध्ये चढ. स्टिअरिंग फिरवून बघ."

मला वाटलं, चेष्टा चाललीय. मला साधी सायकलसुद्धा येत नव्हती!

चढले. दोन्ही हातांनी धरून ओढलं. शेवटी सीटवरून उठून लोंबकळले. चाक जेमतेम बोटभर हललं. गॅरेजमधली माणसं हसायला लागली.

"आता जीप."

जीपचंही जडच होतं. पण दात-ओठ खाऊन फिरवलं.

यांनी लांबूनच माझ्या हातांकडे बघितलं आणि अब्बासभाईंना म्हणाले, "जीपचा लावा."

दादा भडकले. "मधू, बायकोला विचारून ॲक्सल घेतात काय रे?"

"वाकला तर सरळ करू, दादा."

"आणि मोडला तर?"

"जीपचे पार्ट इथे मिळतात. ट्रकचे कुठे शोधणार?"

दादा तिथूनच निघून गेले. आम्ही दोघं एसटीने परतलो.

खिडकीशी मी. हे शेजारी. तिकिटं काढून झाली. मग हळूच म्हणाले, "गाडी नाजूक नव्हती. तो दगड मला दिसलाच नाही."

"म्हणजे?"

"समोरचं दिसतं. बाजूचं दिसेनासं झालंय. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय, हळूहळू समोरचंही जाईल. औषध नाही."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"दादाला आत्ता सांगितलं तर तो गाडी विकेल. मला बागेत पायसुद्धा ठेवू देणार नाही. म्हणून आधी तुला चालवता आली पाहिजे."

मी विचारलं, "आणि मला नाही जमली तर?"

"मग विकू," म्हणाले. इतक्या शांतपणे म्हणाले की मला रडूच आलं.

पावसाळा सरल्यावर सड्यावर शिकवणी सुरू झाली. ओरडणं नाही, काही नाही. "क्लच हळू सोड. दगडाला घाबरू नकोस, त्याच्यावर चाक चढव." गाडी बंद पडली की म्हणायचे, "पडू दे. सडा कुठे जात नाहीय."

सून गाडी चालवते म्हणून सासूबाईंनी चार दिवस अबोला धरला. मग एक दिवस त्या स्वतःच पुढच्या सीटवर येऊन बसल्या. म्हणाल्या, "गणपतीच्या देवळात ने मला."

पुढच्या हंगामात पेट्या मी आणल्या.

आणि त्याच्या पुढच्या हंगामात, चढावर, गाडी भरलेली असताना, ॲक्सलमधला शाफ्ट मोडला. अब्बासभाई म्हणाले होते तसाच.

निरोप गेला. दादा चार गडी घेऊन आले. आता ऐकून घ्यायचं, अशी तयारी ठेवून मी उभी होते. दादांनी डोक्यावर पेटी घेतली आणि चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः हातखंब्याला गेले आणि शाफ्ट घेऊन आले. यांचं दिसणं कमी झालंय, हे तोवर सगळ्यांनाच कळलं होतं.

शाफ्ट बसत असताना दादा मला म्हणाले, "सुमन, मधूने मला तेव्हाच सांगितलं असतं तर मी काय गाडी काढून घेतली असती?"

"हो," मी म्हटलं.

दादांनी हात फडक्याला पुसले.

"हो. घेतली असती."

नंतर कितीतरी वर्षं ती पिकअप मी चालवली. यांची नजर पूर्ण गेली तरी हे शेजारी बसायचेच. कोणी नवीन माणूस भेटला की मोठ्या ऐटीत सांगायचे, "ही माझी बायको. मला कुठेही सोडते, आणि परत न्यायला येते."

गेल्या वर्षी आजच्या दिवशी, सकाळचा चहा घेतला. "जरा पडतो" म्हणाले. तेवढंच.

मी स्वयंपाकघरात होते. आवाज दिला, ओ आली नाही.

अहो, वर्ष झालं. आंबा यंदा बरा आहे. दादांचे गुडघे दुखतात, पण ते रोज येऊन बसतात. माझी तब्येत ठीक आहे.

काळजी करू नका. सुखात असा.

तुमची,
सुमन