मामंजींच्या कानावर न घातलेली गोष्ट

माझं पहिलं बाळंतपण कुठे होणार, यावर आमच्या गावच्या नगरपालिकेत दोन महिने भांडण चाललं होतं. भांडणाऱ्यांना मात्र त्याचा पत्ता नव्हता. ठाणे आणि कल्याण यांच्या मधलं हे गाव. नाव लिहीत नाही, कारण आमचे भाऊबंद अजून तिथेच राहतात आणि अजून निवडणुका लढवतात.

स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली होती आणि नगरपालिकेची तिजोरी रिकामी होती. एका गटाचं म्हणणं, घरपट्टी वाढवा. त्यांचे पुढारी एक वकीलसाहेब, ते स्वतः भाड्याच्या घरात राहायचे. दुसऱ्या गटाचं म्हणणं, घरपट्टीला हात लावाल तर खबरदार, खर्च कमी करा. त्यांचे पुढारी माझे सासरे, आणि त्यांच्या गावात चाळी होत्या. आपण गरिबांसाठीच भांडतोय, असं दोघंही सांगायचे.

मामंजींच्या गटाची खलबतं आमच्या ओटीवर चालायची. खर्च कमी करायचा म्हणजे नेमका कोणता, यावर पुष्कळ काथ्याकूट झाला. रस्त्यावरचे दिवे काढावेत तर यांच्याच चाळींपुढे अंधार होणार. सभासदांच्या चहाफराळाचा विषय कुणी काढला नाही. शेवटी सगळ्यांची नजर नगरपालिकेच्या सूतिकागृहावर गेली. तिथे बाळंतपण फुकट व्हायचं, म्हणजे ती उधळपट्टीच. "आपल्या आया काय सूतिकागृहात बाळंत झाल्या?" मामंजी विचारायचे आणि माना डोलायच्या. मी सातव्या महिन्यात होते. चहाचे कप तबकात भरून दाराशी ठेवायचे आणि कडी वाजवायची, की कुणीतरी येऊन तबक उचलून न्यायचं.

गोम अशी, की त्याच सूतिकागृहात माझं नाव घातलेलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा रिवाज. पण माझी आई लग्नाआधीच गेली होती आणि माहेरी म्हातारे वडील तेवढे उरले होते. म्हणून सासूबाईंनी स्वतःच नर्सबाईंकडे माझं नाव दिलं. मामंजींना हे ठाऊक नव्हतं. सून वेळेवर माहेरी जाईल, असं ते धरून चालले होते. सुनेच्या पोटाकडे सासऱ्यानं बघायचं नाही आणि असल्या गोष्टी पुरुषांच्या कानावर घालायच्या नाहीत, अशी आमच्या घरची सभ्यता होती.

मी सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही सांगा ना त्यांना."

"अगं, त्यांच्यासमोर मी कसली बाळंतपणाची भाषा करू?" त्या म्हणाल्या. त्यांना चार मुलं झाली होती. ती कोणत्या भाषेत झाली, देव जाणे. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आईनंच सांगावं. मुलानं बापाशी हे बोलणं बरं दिसतं का?" मला भीती वाटत होती. शेजारची सून आदल्या वर्षी घरातच अडली आणि गेली, तिचा चेहरा मनातून जात नव्हता. पण बरं दिसण्यापुढे माझी भीती कुठे टिकणार.

तिकडे सभा भरायच्या आणि मोडायच्या. अंदाजपत्रक मंजूर होईना, म्हणून खर्चाला पैसे नाहीत, म्हणून सूतिकागृहाला कुलूप लागलं. वकीलसाहेबांनी मनात आणलं असतं तर ते उघडून घेता आलं असतं. पण लोकांचे हाल झाले की लोक मामंजींना शिव्या देतील, या हिशेबानं तेही मूग गिळून बसले. गावातल्या गरोदर बायकांनी जरा थांबावं, अशी दोन्ही गटांची अपेक्षा असावी.

मी थांबले नाही. ज्या दिवशी अंदाजपत्रकावर शेवटचं मतदान, त्याच दुपारी कळा सुरू झाल्या. नवरा मुंबईला कामावर. सासूबाईंनी बेकार बसलेल्या नर्सबाईंना घरी बोलावलं. तपासून त्या म्हणाल्या, "मूल आडवं आहे. कल्याणहून डॉक्टर आणायला हवा." असल्या कामाला घरातला पुरुष माणूस हवा, म्हणून सासूबाईंनी टांगेवाल्याला सभेकडे पिटाळलं. पण तेव्हाही त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. "ताबडतोब घरी बोलावलंय म्हणावं," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचं टांगेवाल्यानंच सांगितलं. तो भर सभेत शिरला आणि म्हणाला, "शेट, तुमाला घरी बोलवलंय, आत्ताच्या आत्ता." मामंजींनी विचारलं, "कशासाठी?" ते त्याला ठाऊक नव्हतं. मामंजी वकीलसाहेबांकडे बघून हसले. ऐन मतदानाच्या वेळी आपल्याला बाहेर काढायची ही चाल, याबद्दल त्यांची खात्री पटली. ते खुर्चीला चिकटून बसले आणि एका मतानं जिंकले. सूतिकागृह वर्षभर बंद राहणार होतं.

शेवटी सासूबाई स्वतः टांग्यात बसल्या आणि कल्याणहून डॉक्टरांना घेऊन आल्या. लग्न झाल्यापासून त्या एकट्या कुठे गेल्या नव्हत्या. मला फारसं आठवत नाही. रक्त खूप गेलं आणि आपण आता मरतोय हे मला स्वच्छ कळत होतं, एवढं आठवतं.

मामंजी गळ्यात हार घालून आले, तेव्हा ओटीवर त्यांच्या नेहमीच्या जागी नर्सबाई बसल्या होत्या. "नात झाली," त्या म्हणाल्या. "सून थोडक्यात वाचली. तिचं नाव होतं हो आमच्याकडे." मामंजींनी गळ्यातला हार काढून ठेवला, असं सासूबाई सांगत. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढच्याच सभेत सूतिकागृह पुन्हा सुरू करण्याचा ठराव आला. मांडला मामंजींनी. मातृत्वाच्या थोरवीवर ते इतकं बोलले की काही सभासदांनी डोळे पुसले. वकीलसाहेबांनी अनुमोदन दिलं, ठराव एकमतानं पास झाला, चहाफराळ झाला. घरपट्टी अर्थातच होती तेवढीच राहिली. मग पैसे कुठून आले? नगरपालिकेच्या शाळेत पोरांना मधल्या सुट्टीत पावडरचं दूध मिळायचं, ते बंद केलं.

हे सगळं मामंजींनी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. सुनेशी ते थेट बोलत नसत. "आत सांगा, सूतिकागृह सुरू झालं म्हणावं. दुधाचं काय, पोरं घरी पितील."

मी मुलीला घेऊन उठले आणि दारात आले. त्या घरात पाऊल टाकल्यापासून मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं.

"मामंजी," मी म्हटलं, "ही नगरपालिकेच्याच शाळेत जाणार आहे. या खेपेला आधीच सांगून ठेवते."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मामंजींनी खुंटीवर अडकवलेली टोपी काढली, पुन्हा डोक्यावर घातली आणि वकीलसाहेबांच्या घराकडे निघाले.