भवानीचे एकवीस दिवस

किस्से कोणी गोळा करत नसतं हो. गोठ्यातून घरी आलं की पँटला गोचीड सापडतो, तसे ते अंगाला चिकटून येतात. आम्ही चार-पाच रिटायर्ड पशुधनवाले रोज सकाळी अमरावतीत एका टपरीवर चहाला जमतो. कोणाची म्हैस विहिरीत पडलेली असते, कोणाला मेळघाटात अस्वलानं झाडावर चढवलेलं असतं. रोज तीच म्हैस, आणि रोज विहीर थोडी अधिक खोल!

माझा साठा मात्र संपत आला होता. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. बत्तीस वर्षं दर्यापूर तालुक्यात काढली. सरकारी भाषेत कृत्रिम रेतन, गावच्या भाषेत गाई भरवणं. त्यातलं सांगण्यासारखं सगळं सांगून झालं होतं. आणि गेल्या हिवाळ्यात आमच्या घरची कुत्री वयात आली! एकवीस दिवसांत पाच वर्षांचा माल जमा झाला.

कुत्री आमची नव्हे, मुलाची. तो पुण्याला असतो. "बाबा, फक्त पंधरा दिवस सांभाळा," म्हणून तपकिरी रंगाचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू ठेवून गेला, त्याला तेव्हा सात महिने झाले होते. नाव ठेवलं होतं ब्राउनी. आमच्या मंडळीनं, म्हणजे कुसुमनं, पहिल्याच दिवशी तिची भवानी केली.

*

एका सकाळी उठलो तर फरशीवर लाल थेंब. व्हरांड्यापासून थेट स्वयंपाकघरापर्यंत.

"पायात काच गेली हिच्या," मी निदान केलं. चष्मा चढवला, टॉर्च घेतला, चारही पंजे तपासले. मागच्या डाव्या पायाला बारीकसा ओरखडा दिसला. टिंक्चर लावलं, बँडेज बांधलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. मग उजव्या पायाला बांधलं. तिसऱ्या दिवशी भवानी मागच्या दोन्ही पायांत पांढरे मोजे घालून परेडला निघाल्यासारखी घरभर फिरत होती, आणि थेंब काही थांबेनात!

कुसुम खाली बसून मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तीन दिवस झाले, पाहून राह्यली मी. ते पाय चाटून राह्यली का?"

मी नीट पाहिलं. पाय नव्हती चाटत.

"माजावर आली हाय ते. पेन्शन वापस करा सरकारले!"

*

आता इज्जतीचा प्रश्न होता. मी म्हटलं, "मले मालूमच होतं. पन आता रक्त दिसलं, म्हंजे माज सरला. सोड तिले आंगणात."

हे मी उगाच नव्हतो बोललो. गाईला माज होऊन गेल्यावर रक्त दिसतं. शेतकरी धावत यायचा, "साहेब, लाल तार टाकली गाईनं!" की आपण सांगायचं, "गेली वेळ बाप्पा. आता एकवीस दिवसांनी ये." बत्तीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, देवाला ठाऊक.

कुसुमनं दार उघडलं नाही. "कुत्री हाय ते, गाय नाय," म्हणाली आणि आम्हा दोघांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मॅडम आमच्या मुलापेक्षाही लहान. मी खुर्चीत बसायच्या आधीच पूर्ण हुद्दा सांगितला. पोरगी बिचारी उठून उभी राहिली. मग मी माझं निदान सांगितलं, तशी हळूच खाली बसली.

"काका," ती म्हणाली, "गाईला रक्त शेवटी दिसतं. कुत्रीला सुरुवातीला. आता आठ-दहा दिवसांनी ते फिकट होईल, थांबल्यासारखं वाटेल, आणि खरा धोका तेव्हा सुरू होईल. आत्ता ती नरांवर गुरगुरेल. नंतर स्वतःच जवळ जाईल. तीन आठवडे नजरेआड करायची नाही. फिरवायचं तर पट्टा हातात धरून. नसबंदीचं ऑपरेशन करायचं असेल तर दोन-तीन महिने जाऊ द्या, मग आणा."

म्हणजे माझं ऐकलं असतं, तर ऐन धोक्याच्या दिवसांत मी फाटक उघडं टाकून पेपर वाचत बसलो असतो!

मी मुकाट्यानं उठलो. दारापाशी कुसुम वळली आणि अगदी काळजीनं मॅडमला विचारलं, "मॅडम, यायनं इतकी वर्षं गाई भरवल्या. त्या तरी बरोबर भरवल्या असतीन नं?"

*

घरी आल्यावर अकोल्याला वानखडेला फोन लावला. वानखडे माझा बॅचमेट. आमची पहिली पोस्टिंग दर्यापूरला एकत्र होती. तालुक्यात त्याच्या हाताला यश आहे असं लोक म्हणायचे.

मी म्हटलं, "वानखडे, घरची कुत्री माजावर आली हाय. काय करू?"

वानखडेनं श्वाससुद्धा न घेता गाईचा ठरलेला प्रश्न टाकला. "सकाळी दिसली का संध्याकाळी?"

"सकाळी."

"मंग संध्याकाळी भरवून टाक!"

"अबे, मले भरवायची नाई. वाचवायची हाय!"

वानखडे खोल आवाजात म्हणाला, "मंग मले काहून इचारून राहिला? वाचवायचं आपल्याले कधी शिकवलंच नाई!"

*

फरशी पुसून पुसून कुसुमची कंबर धरली. मुलानं पुण्याहून सांगितलं, कुत्र्यांचे डायपर मिळतात, ऑनलाइन मागवतो, चार दिवसांत येतील. कुसुम म्हणाली, "चार दिवस काय करू? थेंब फुंकून वाळवू?" आणि शिलाई मशीन काढून बसली.

मी बाजारातून आलो तर भवानी दारात उभी. अंगात निळ्या पट्ट्यांची चड्डी. शेपटीसाठी मागे भोक पाडलेलं, त्याला नीट काठ मारलेला, आत सुती कापडाची घडी, वर नाडी. आणि ती चड्डी मी ओळखली. तसल्या दोनच होत्या माझ्याकडे.

"जुनी होती," कुसुम म्हणाली.

"गेल्या मंगळवारी घातली होती मी!"

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात उघड्या दारातून भवानी बाहेर सटकली. मी मागे धावलो. नशीब, फाटक बंद होतं. समोर राहणारे इंगोले सर, गणिताचे रिटायर्ड मास्तर, झाडांना पाणी घालत होते. त्यांनी आधी भवानीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दोरीवर वाळत असलेल्या दुसऱ्या चड्डीकडे.

"साहेब," ते म्हणाले, "जोडी फुटली तुमची!"

*

पाचव्या दिवसापासून फाटकाबाहेर मंडळी जमू लागली. आधी दोन, मग चार, मग सात. एक लंगडा, एक कान फाटलेला, एक गळ्यात पट्टा असलेला घरंदाज. भांडण नाही, भुंकणं नाही. दवाखान्यात नंबर लावल्यासारखे बसून असायचे. पेपरवाला पेपर लांबूनच फेकायला लागला, आणि तो रोज शेजाऱ्याच्या टाकीत पडायला लागला.

रस्त्यावर फिरवणं बंद झालं. मग मी भवानीला गच्चीवर फिरवायला लागलो. पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन, सकाळ-संध्याकाळ वीस फेऱ्या. फेऱ्यांच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, मी वर ज्या बाजूला चालतो, त्या बाजूला खाली कंपाउंडच्या कडेनं सातही जण चालतात. मी वळलो की ते वळतात. मी थांबलो की बसतात.

इंगोले सर त्यांच्या गच्चीवरून हे सगळं पाहत होते. शेवटी राहवलं नाही. "साहेब, कायचं आंदोलन हाय हे?"

"सर," मी म्हटलं, "मागणी एकच हाय त्यायची. पन मंजूर नाई होऊ शकत!"

*

अकराव्या दिवशी थेंब फिकट झाले. मॅडमनं सांगितलं होतं तस्संच. इतके दिवस जी फाटकाकडे तोंड करून गुरगुरायची, ती फाटकापाशी जाऊन शेपूट बाजूला घेऊन उभी राहिली. हे मात्र मी ओळखलं! तिला घरात नेलं, फाटकाला साखळी बांधली, कुलूप घातलं आणि तिथंच खुर्ची टाकून काठी घेऊन बसलो.

आमच्याकडे सुमनबाई भाजी घेऊन येते. त्यांची घरची बाग आहे, डोक्यावर टोपली घेऊन कॉलनीभर फिरते. फाटकाबाहेरच्या रांगेकडे पाहून म्हणाली, "कावून बसला साहेब असे, लढाईवर निघाल्यावानी?"

मी कारण सांगितलं.

"मंग त्यात काय नवल? आमच्या पोरी मोठ्या झाल्या तवा बी पोट्टे असेच बसत होते पुलावर. हे बरे, फटफटी तं नाई फिरवत!"

मी हसत हसत कुलूप काढलं, ती आत आली, आणि तेवढ्यात ते झालं. तिच्या लुगड्याच्या आडून एक पिवळं, बुटकं कुत्रं आत घुसलं. मी काठी उचलली, ती खुर्चीत अडकली. भवानी दारातून उडी मारून बाहेर. चड्डीची नाडी सुटलेली. मी ओरडतोय, कुसुम आतून धावतेय, आणि त्या दोघांत आता हातभराचं अंतर!

सुमनबाईनं डोक्यावरची टोपली काढली, वांगी अंगणात ओतली आणि ती टोपली त्या पिवळ्यावर पालथी घालून वर बसली.

कुसुमनं भवानीला कवेत घेऊन आत नेलं. अंगणभर वांगी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विस्कटलेल्या. टोपलीखालून केविलवाणा आवाज. सुमनबाईनं पदरानं घाम पुसला आणि टोपलीवर थाप मारून विचारलं,

"कसा देऊ साहेब, किलोनं का नगावर?"

*

आणि आता शेवटचा. हा मी टपरीवर अजून सांगितलेला नाही.

वानखडेच्या पोटात काही राहत नाही. त्याच्या ओळखीचे अकोल्याचे एक गृहस्थ, त्यांच्याकडे लॅब्रॅडॉरचा नर. चौदाव्या दिवशी, रविवारी, ते गाडी घेऊन हजर! फाटक अर्धवट उघडून मी त्यांना एकट्याला आत घेतलं. नर गाडीत, काचेतून बाहेर बघत होता. चांगला होता दिसायला.

गृहस्थ सोफ्यावर बसले आणि फाइल उघडली. आत तीन पिढ्यांचे कागद. "आजोबा बाहेरून आणलेले. वडिलांना शोमध्ये बक्षीस."

मी नकळत ताठ बसलो. शर्टाचं वरचं बटण लावलं. "आमची बी स्वभावानं गरीब हाय. घरात सगळ्याइशी पटते."

"आमच्याले एकच सवय. चपला खाते."

"चालते. आमच्याइकडं बी खातात."

"पहिलं पिल्लू तुमच्या पसंतीचं. आम्ही शब्द देतो."

खरं सांगतो, माझ्या डोळ्यांसमोर पिल्लं आली. तपकिरी, गुबगुबीत. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गोठ्यात वासरं झाली, एक तरी वीण आपल्या घरी व्हावी असं वाटलं. भवानी कोपऱ्यात, पोत्यावर झोपली होती. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं.

आतून सगळं ऐकत असलेली कुसुम चहाचा ट्रे घेऊन आली.

"नाई म्हणून सांगा त्यायले," ती मला म्हणाली. पाहुण्यांच्या समोर.

"अवो, ऐकून तं घे..."

"दहा महिन्याची हाय ते."

पाहुणे समजुतीनं हसले. "वहिनी, पाळी आली म्हंजे पोरगी तयार झाली. निसर्गच हाय तो."

कुसुमनं ट्रे टीपॉयवर ठेवला. कप सरळ केले. आवाज चढलेला नव्हता, रोजचाच होता.

"माह्या बापाले बी असंच सांगतलं होतं, यायच्या घरच्यायनं. सोळाची होती मी."

आणि आत गेली. भवानी उठली, आळस दिला आणि तिच्या मागोमाग आत गेली.

पाहुण्यांनी फाइल बंद केली. मी कप उचलला. चहात साखर नव्हती. पाहुण्यांनीही एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं.

आम्ही दोघांनीही तो चहा खालपर्यंत संपवला.